हार्ट फेल्युअर: घर, गाव आणि दवाखाना मिळून कसं सांभाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयविकाराच्या वॉर्डात आणि ओपीडीत माझी बरीच वर्षं सिस्टर म्हणून गेली. आता अर्धा दिवस ओपीडीत जातो आणि अर्धा फोनवर. घरी गेलेल्या पेशंटला फोन लावायचा, आजचं वजन विचारायचं, पाय दाबून बघायला सांगायचं, गोळ्यांची पिशवी समोर ओतायला लावायची, हे माझं काम. हार्ट फेल्युअर एकट्या डॉक्टरने नाही, सगळ्यांनी टीम म्हणून सांभाळायचं असतं, हे मी प्रत्येकाला सांगत असते. बीड, लातूर, धाराशिव, परभणीकडची माणसं जे पुन्हापुन्हा विचारतात ते इथे लिहिलं आहे, जमेल तिथे त्यांच्याच शब्दांत. हे वाचून गोळीचा डोस मात्र कुणी बदलू नये. ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

हार्ट फेल झालं म्हणजे हार्ट बंदच पडलं ना?

नाही. हे नावच वाईट आहे. रिपोर्टवर 'फेल्युअर' वाचून एका मुलाने पुण्याहून भावंडांना गावी बोलावून घेतलं होतं. ती सगळी रडत वॉर्डात आली तेव्हा आजोबा कॉटवर बसून चहात पाव बुडवत होते.

विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणा. ती बंद पडलेली नाही, पण उपसा कमी झालाय. शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही. शरीरात याचा अर्थ थकवा, गळून गेल्यासारखं वाटणं. आणि मागे जे तुंबतं ते फुप्फुसात आणि पायांत साठतं. म्हणून दम लागतो, पायावर सूज येते, रात्री उशी उंच करावी लागते, झोपेतून एकदम धाप लागून उठावं लागतं.

मग अटॅक वेगळा का?

वेगळा. अटॅकमध्ये हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि स्नायूचा तेवढा भाग मरतो. त्यानंतर उरलेल्या स्नायूवर ताण येऊन पुढे हार्ट फेल्युअर होऊ शकतं. आपल्याकडे हेच कारण सगळ्यात जास्त दिसतं. पण एवढंच नाही. वर्षानुवर्षं न तपासलेलं बीपी, शुगर, दारू, लहानपणच्या सांधेज्वराने खराब झालेल्या झडपा, तरुणांमध्ये विषाणूच्या आजारानंतर किंवा घराण्यातून आलेला स्नायूचा कमकुवतपणा, बाळंतपण, ही सगळी कारणं आहेत. कारण कोणतं यावर उपचार ठरतो, त्यामुळे 'फक्त गोळ्या लिहून द्या' म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टाळू नका.

इकोत ईएफ ३० आलाय. म्हणजे हार्ट तीसच टक्के उरलं?

हा हिशोब शंभरातून करायचा नसतो. हृदयाचा डावा कप्पा भरला की एका ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, तो आकडा म्हणजे ईएफ. ठणठणीत माणसाचाही तो साधारण ५५ ते ७० असतो, शंभर कुणाचाच नसतो. ४० किंवा त्याखाली असेल तर पंप कमजोर आहे असं धरतात. आणि ५० च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, कारण कप्पा ताठर झालेला असतो, नीट सैल होऊन भरत नाही. बीपी, शुगर आणि वजन जास्त असलेल्या वयस्कर बायकांमध्ये हे खूप दिसतं. त्यांना 'इको नॉर्मल आहे, वयाचा दम आहे' म्हणून घरी पाठवलं जातं, याचा मला फार राग येतो.

३० चा आकडा औषधांनी ४५-५० वर गेलेले पेशंट मी पाहिलेत. प्रत्येकाचा जातोच असं नाही.

तुम्ही सारखं 'टीम' म्हणता. आमच्या गावात कुठली टीम?

मोठ्या शहरात टीम म्हणजे एका मजल्यावर हृदयरोगतज्ज्ञ, हार्ट फेल्युअरची खास सिस्टर, फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक. आपल्याकडे ती एका छताखाली क्वचितच सापडते. ती विखुरलेली असते आणि आपल्यालाच ओवावी लागते.

हृदयरोगतज्ज्ञ संभाजीनगरला किंवा लातूरला असतात, तीन महिन्यांतून एकदा भेटतात, आजाराचं कारण शोधतात आणि औषधांची दिशा ठरवतात. तालुक्याचे एमडी फिजिशियन डोस हळूहळू वाढवतात, रक्त तपासतात. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजतात, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणंही करून देऊ शकतात. आशाताई दारावरून जाताना पायाची सूज बघतात. मेडिकलवाला गोळ्या देतो. तो टीममध्ये आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, पण आहे. किडनी, थायरॉइड, शुगर असेल तर ते ते डॉक्टर. आणि घरातलं एक माणूस, सहसा सून, मुलगी किंवा बायको.

या सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. लातूरच्या डॉक्टरांनी काय बदललं ते तालुक्याला कळत नाही, तालुक्याला रक्तात काय निघालं ते लातूरला कळत नाही. त्यांच्यामध्ये फिरते ती एकच गोष्ट, पेशंटची वही. म्हणून मी वहीच्या मागे लागते. फायलीत तीन वर्षांचे इसीजी असतात, पण सध्या कोणती गोळी किती चालू आहे हे कुठेच नसतं. वहीच्या पहिल्या पानावर तेवढंच लिहायचं: चालू गोळ्या, डोस, कुठल्या तारखेपासून. गोळी बदलली की जुनी ओळ खोडायची, नवी लिहायची.

चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरला दाखवलं तर पुरे नाही का?

डॉक्टर कितीही चांगले असले तरी तुमच्याबरोबर दहा मिनिटं असतात. उरलेले नव्वद दिवस तुम्ही घरी असता आणि पाणी साठतं ते त्या नव्वद दिवसांत.

हे माझं नुसतं मत नाही. १९९५ साली अमेरिकेत सेंट लुईस इथे सत्तरी ओलांडलेल्या २८२ पेशंटवर अभ्यास झाला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्या अर्ध्यांना त्याच उपचारांसोबत सिस्टरने शिकवणं, आहाराचा सल्ला, औषधांची छाननी आणि घरी गेल्यावर पाठपुरावा, एवढं जास्तीचं दिलं. ९० दिवसांत हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. यात नवं औषध एकही नव्हतं. २०२२ साली स्ट्राँग-एचएफ नावाचा मोठा अभ्यास आला. त्यात डिस्चार्जनंतर पहिल्या सहा आठवड्यांत वरचेवर बोलावून, रक्त तपासून गोळ्यांचे डोस भराभर पूर्ण केले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती, हे नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के लोकांच्या वाट्याला आलं, या पद्धतीत १५.२ टक्के लोकांच्या.

डिस्चार्ज मिळाला. आता महिन्याने दाखवू का?

महिना फार झाला. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच एकदा दाखवा. मोठ्या हॉस्पिटलात जाणं जमत नसेल तर तालुक्याला दाखवा, पण दाखवा. पुन्हा भरती होणाऱ्यांतले बरेच जण याच काळात परत येतात.

इथे आमचीच एक चूक सांगते. वॉर्डातून एका काकांना घरी सोडलं. कार्डावर सगळं इंग्रजीत. नवी गोळी लिहून दिली, पण घरात आधीपासून तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने होती, ती बंद करा असं कुणी तोंडाने सांगितलं नाही. काका इमानदारीत दोन्ही घेत राहिले. आठव्या दिवशी चक्कर येऊन परत आले तेव्हा नाडी मिनिटाला ४४ होती. पिशवी ओतली, दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून माझ्या हातून कुणी घरी जाताना घरातल्या जुन्या गोळ्यांसकट सगळी पिशवी मागवून घेते.

मेडिकलवाल्याने पट्टी कापून दिली की नाव अर्धं कापलं जातं. नाव असलेला तुकडा शेवटी वापरायचा, आधी नाही. हे त्यालाही सांगा.

रोज वजन कशाला? आम्हाला काय बारीक व्हायचंय?

वजनकाट्यावर आपण चरबी नाही, पाणी मोजतोय. दम लागायच्या आधी काही दिवस पाणी साठायला लागतं आणि ते सगळ्यात आधी काट्यावर दिसतं.

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत उभं राहायचं. काटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला तर रोज वेगळा आकडा दाखवतो. एक सपाट शहाबादी फरशी बघा आणि तिच्यावरच कायम ठेवा. आजोबांना आकडा दिसत नसेल तर नातवाला वाचायला लावा. शाळेत जाणारी पोरं हे काम मोठ्या माणसांपेक्षा चोख करतात.

एका आजीच्या वहीतलं पान माझ्या फोनमध्ये अजून आहे. सोमवार ५४.२. मंगळवार ५४.४. बुधवार ५५.३. गुरुवार ५६.१, आणि पुढे नातीच्या अक्षरात 'चप्पल बसेना'. आजी म्हणत होत्या काही त्रास नाही, उगीच फोन करू नको. नातीने केला. डॉक्टरांनी लघवीची गोळी तीन दिवस वाढवून दिली, रक्त तपासलं, आजी घरीच राहिल्या. मंगळवारी गावात लग्न होतं आणि आजींनी बुंदीबरोबर मिरचीची भजी खाल्ली होती, हे नंतर कळलं.

साधा नियम असा: एका दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं की फोन. उलट वजन भराभर उतरायला लागलं, चक्कर येतेय, तोंड कोरडं पडतंय, तरीही फोन. लघवीची गोळी तेव्हा जास्त होत असते.

एवढ्या गोळ्या कशाला? एक काय ती जालीम द्या.

पंप कमजोर असेल, म्हणजे ईएफ ४० किंवा त्याखाली, तर आज चार जातींची औषधं हा पाया मानतात. एक, रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार हलका करणारी: रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टनसारखी किंवा त्यांच्या जागी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन. दोन, ठोके आवरून हृदयाला विसावा देणारी: मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल. तीन, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. चार, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. प्रत्येक औषध वेगळ्या वाटेने काम करतं, म्हणून एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड या लघवीच्या गोळ्या निराळ्या. त्या साठलेलं पाणी काढतात, आराम लगेच देतात, पण हृदयाची ताकद वाढवत नाहीत. लोकांना मात्र तीच 'खरी गोळी' वाटते कारण तिचा परिणाम दिसतो. मग पैसे संपले की बाकीच्या सुटतात आणि लघवीची चालू राहते. नेमकं उलटं होतं.

रॅमिप्रिल-एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. तेव्हा गोळी बंद करून बसू नका, बदलून मागा. रॅमिप्रिल-एनालाप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन सुरू करताना मध्ये ३६ तास जावे लागतात, नाहीतर ओठ-जीभ-घसा सुजण्याचा धोका असतो. घरात जुनी रॅमिप्रिल उरली असेल तर ती पिशवीतून काढूनच टाका. स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, काही पुरुषांना छातीत दुखरी गाठ येते. सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर किडनी व पोटॅशियमची तपासणी चुकवायची नाही.

मला शुगर नाही, तरी मेडिकलवाला म्हणतो ही शुगरची गोळी आहे.

तो खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन शुगरसाठीच आल्या. नंतर असं दिसलं की शुगर नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटलाही त्यांचा तेवढाच फायदा होतो. २०१९ च्या डापा-एचएफ अभ्यासात हे स्पष्ट झालं. लघवीच्या जागी खाज येऊ शकते, स्वच्छता ठेवा आणि लाजू नका, सांगा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पोटात काही ठरत नसेल, तर त्या दिवसांत ही गोळी थांबवायची का ते डॉक्टरांना विचारा.

आता एकदम बरं वाटायलंय. गोळ्या सोडू का?

गोळ्या चालू आहेत म्हणून बरं वाटतंय. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. पूर्ण सुधारलेल्या, ईएफ नॉर्मल झालेल्या लोकांची औषधं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत २५ पैकी ११ जणांचा आजार परतला. ज्यांची औषधं चालू ठेवली त्यांच्यातला एकाचाही नाही. ठोके आवरणारी गोळी तर एकदम कधीच तोडू नये.

अशक्तपणा वाटायलाय. एक सलाईन लावून घेऊ का?

या प्रश्नासाठी मी हात जोडते. आपल्या भागात गळल्यासारखं वाटलं की बाटली लावायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की बाटली न लावणारा डॉक्टर लोकांना कच्चा वाटतो. ज्याच्या शरीरात आधीच पाणी तुंबलंय त्याला अर्धा लिटर खारं पाणी शिरेतून देणं म्हणजे काय, विचार करा. माझ्या सख्ख्या मावशीला गावातल्या दवाखान्यात संध्याकाळी दोन बाटल्या लावल्या. रात्री दोनला धाप लागली, झोपता येईना, तोंडाला फेस. जीपमध्ये बसवून आणलं. वाचली. डॉक्टरांना तिचा हृदयाचा आजार माहीत नव्हता आणि तिने सांगितला नव्हता, कारण तिला अशक्तपणा आणि हृदय यांचा संबंध वाटलाच नाही.

कुठल्याही दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोला: 'मला हार्ट फेल्युअर आहे, सलाईन विचारून लावा.' जुलाब होऊन अंगातलं पाणी खरंच गेलं असेल तर सलाईन लागतंही, पण ते मोजून, बघत बघत. आणि अशक्तपणा टिकून असेल तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातलं लोह कमी असू शकतं आणि ते शिरेतून भरून दिल्यावर अनेकांना चालायला जोर येतो.

गुडघ्यासाठी गोळी किंवा सुई?

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅक या गोळ्या आणि सुया टाळा. त्या शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि किडनीवर घाव घालतात. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड निघतं, तेही पाणी साठवतं. पॅरासिटामॉल, शेक, तेल आणि फिजिओथेरपिस्टचा व्यायाम यांवर भागवा. शुगरसाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांच्या नजरेस आणा.

जेवणात काय सोडायचं?

भाकरी सोडायची नाही. ज्वारी चांगली. सोडायचं आहे ते भाकरीच्या कडेला असतं: लोणचं, पापड, कुरडई, खारवलेली मिरची, फरसाण, शेव, सुकट. आणि ताटात वरून घ्यायचं मीठ. पूर्ण दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात भाजीतलं, वरणातलं सगळं आलं. ठेचा पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, कारण मला माहीत आहे कुणी करणार नाही. मीठ अर्धं घालून, लिंबू आणि लसूण वाढवून करा. ताक बिनमिठाचं, जिरेपूड घालून.

एक सापळा सांगते. दुकानात 'लो सोडियम' मीठ मिळतं. हृदयाला चांगलं म्हणून मुलगा शहरातून घेऊन येतो. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना किंवा किडनी कमजोर असताना ते धोक्याचं आहे. नारळपाणी रोज पिण्याबद्दलही आधी विचारा.

आणि पाणी? आमच्याकडे मे महिन्यात ४२ डिग्री असतं.

सगळ्यांना पाणी तोडावं लागतं असं नाही. ज्यांना वारंवार सूज येते त्यांना डॉक्टर दिवसाला दीड ते दोन लिटरची मर्यादा घालतात, आणि त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी धरलेलं असतं. घरातला तांब्या बाटलीने एकदा मोजून घ्या. सकाळी दिवसाचं पाणी वेगळ्या कळशीत काढून ठेवलं की हिशोब आपोआप लागतो. तहान लागली तर चूळ भरा, लवंग किंवा लिंबाची फोड चघळा.

उन्हाळ्यात घाम जातो, त्यात लघवीची गोळी आणि बीपी उतरवणाऱ्या गोळ्या चालू. अशा वेळी पाणी कमी पडून चक्कर येते, किडनी रुसते. एप्रिल लागला की 'माझा डोस उन्हाळ्यासाठी बदलायचा का' हे आठवणीने विचारा. फुप्फुसात पाणी भरून आलेले पेशंट सगळ्यांनी पाहिलेले असतात. गोळीने वाळून आलेले मी मे महिन्यात बघते.

एकादशी, श्रावण, नवरात्र?

साबुदाण्याची खिचडी, मीठ लावलेले शेंगदाणे, वेफर्स असा उपवास असेल तर तो न केलेला बरा. शुगरच्या गोळ्या किंवा डॅपाग्लिफ्लोझिन चालू असताना कडक उपवास तर नकोच. 'उपवास आहे म्हणून आज गोळ्या घेतल्या नाहीत' हे वाक्य मी दर आषाढीला ऐकते. गोळीने उपवास मोडत नाही, हे कीर्तनकार महाराजांनी एकदा सांगितलं तर माझ्या दहा फोनांचं काम होईल.

कारखाना सुरू झाला. ऊसतोडीला जाऊ का?

कोयत्यावर आणि मोळी डोक्यावर घेऊन शिडी चढायला, नाही. चालणं, हलकं घरकाम, शेतात देखरेख, हे हळूहळू वाढवा. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. मध्ये थांबावं लागत असेल तर वेग जास्त आहे.

पण मला माहीत आहे की उचल घेतलेली असते आणि माणूस जातोच. जोडी जाते, पोरं जातात. मग निदान इतकं करा: निघण्यापूर्वी पुरतील एवढ्या गोळ्या घ्या, वहीच्या पहिल्या पानाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा, ज्या तालुक्यात फड आहे तिथलं ग्रामीण रुग्णालय कुठे ते पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा. मुकादमालाही आजार सांगा. त्याच्याकडे गाडी असते.

बाळंतपणानंतर सुनेला दम लागायलाय. घरचे म्हणतात वारा लागला.

आजच दाखवा, इको करा. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा आजार असतो. सूज आणि थकवा बाळंतिणीला असतोच म्हणून तो उशिरा सापडतो. उताणं झोपता येत नसेल तर ते साधं नाही. वेळेत उपचार मिळाले तर यातल्या अनेक मुली पूर्ण बऱ्या होतात. पुढच्या मुलाचा निर्णय मात्र हृदयाचे आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर दोघांशी बोलूनच घ्यायचा, कारण आजार परतू शकतो आणि हृदयाच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात.

खर्च कसा झेपायचा?

सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन पूर्वी फार महाग होती. २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांनी काढली आणि किंमत खूप उतरली. डॅपाग्लिफ्लोझिनचंही २०२० नंतर तसंच झालं. डॉक्टरांना सरळ म्हणा, 'महिन्याला एवढेच जमतील.' मी पाहिलंय, बहुतेक डॉक्टर चिठ्ठी बदलून देतात. न सांगता एक दिवसाआड गोळी घेणारे मात्र आमच्या लक्षातच येत नाहीत. जनऔषधी केंद्रातही विचारा.

अँजिओप्लास्टी, बायपास, झडप, पेसमेकर अशा भरती होऊन करायच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ओपीडीतल्या रोजच्या गोळ्या त्यात साधारणपणे बसत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, तेव्हा बीपी-शुगरच्या गोळ्या आणि नेहमीच्या रक्ततपासण्या तिथे करता येतात. एसटीत ७५ च्या पुढे प्रवास मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना अर्धं.

छातीत मशीन बसवायला सांगितलंय.

दोन वेगळी मशीनं असतात. एक जीवघेणी लय बिघडली तर आतून शॉक देतं. दुसरं हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालवतं. कोणतं आणि का, ते नावानिशी विचारून घ्या. अटॅकनंतर लगेच न बसवता सहसा आधी औषधं पूर्ण डोसला नेऊन, काही महिन्यांनी पुन्हा इको करून ठरवतात.

लस?

फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. घ्या.

कधी थांबायचं नाही, थेट १०८ लावायचा?

बसूनही दम लागतोय, आडवं होता येत नाही, गुलाबी फेसाळ थुंकी पडतेय, छातीत दाबल्यासारखं दुखतंय, शुद्ध गेली, ओठ निळे पडले. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला झोपवू नका, पाय खाली सोडून टेकवून बसवा. आधी गावातल्या डॉक्टरला दाखवून मग बघू, असं करू नका. वही बरोबर घ्या.

बाबा रात्री झोपत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत.

दोन शक्यता असतात आणि दोन्ही सांगायच्या असतात. आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून झोप नसेल, तर ते पाणी आहे. दम नाही, पण जीव रमत नाही, 'तुमच्यावर ओझं झालो' म्हणतात, तर ते उदासपण आहे, हार्ट फेल्युअरमध्ये खूप जणांना येतं आणि त्यावरही इलाज आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. जी सून वही लिहिते तिलाही विचारा ती कशी आहे. तिला कुणी विचारत नाही. फोनवर मी पहिलं वजन विचारते आणि दुसरं, 'तू जेवलीस का?'

आता काही उपयोग नाही म्हणतात. घरी न्यावं का?

वरचेवर भरती, डोस वाढवता येत नाहीत, किडनी साथ देत नाही, अशी वेळ काहींवर येते. तेव्हा टीमचं काम संपत नाही, बदलतं. दम कमी वाटावा म्हणून औषधं असतात, शॉक देणारं मशीन बंद करायचं का हे विचारता येतं, किती धावाधाव करायची हे पेशंटलाच विचारता येतं. सगळी खोली आपसात कुजबुजते आणि ज्याचं आयुष्य आहे तो छताकडे बघत पडलेला असतो, असं मी खूपदा पाहिलं आहे. एका आजोबांना मी विचारलं, तर म्हणाले, 'मला आयसीयू नको, ओसरी पायजे.' मुलांनी नेलं. शेवटचे सतरा दिवस आजोबा ओसरीवर होते. तालुक्याचे डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले, आशाताई रोज यायच्या, लघवीच्या गोळीचा डोस मी फोनवर डॉक्टरांना विचारून सांगायचे. दुखणं नव्हतं.

वही कोणती घ्यायची?

शंभर पानी, पुठ्ठ्याची. पेन सुतळीने वहीलाच बांधा, नाहीतर पोरं शाळेत नेतात.